चावडीतलं पिंजण

मेंढरं कातरायचा दिवस म्हणजे धावंडदऱ्याच्या धनगरवाड्यात लग्नाहून मोठा. आणि त्याची रीत अशी की कातरणीला कोणी कोणाला बोलवायचं न्हाई. ज्याची मेंढरं सकाळी धुवायला ओढ्यात उतरली, त्याच्या दारात वाडा आपसूक चालत यायचा. गडीमाणसं कातरी घेऊन बसायची, बाया लोकरीतली कुसळं वेचायच्या, काळी लोकर येगळी, पांढरी येगळी करायच्या, आणि वरून एकमेकींच्या सासवांची लोकर बी कातरायच्या. बोलावणं धाडलं की समजावं, त्या घराची वाड्यात पत गेली.

दिवाळी होऊन गेली होती. लिंबाजीनं मेंढरं ओढ्यात घातली, घासून धुतली, उन्हात सुकवली. त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, ज्वारीच्या घुगऱ्यांचा मोठा हंडा चुलीवर चढवला. ऊन अंगणातून वसरीत आलं, वसरीतून चुलीपशी आलं, तरी दारात कोणी आलं न्हाई.

"येवढा हंडा काहून चढवला?" लिंबाजी कातर पाजळत म्हणाला. "कोण येऊन राहिलं खायला? मेंढरं खातात व्हय घुगऱ्या?"

"येतील. कौशल्याचं लेकरू तापलंय म्हणत होते."

"समद्या वाड्याचीच लेकरं तापली का मंग आज?"

"तुमी कातरा. तोंड नगा चालवू."

"तोंड मी न्हाई चालवलं. चालवायचं तवा तू चालवलं, चावडीत." असं म्हणून लिंबाजीनं एक मेंढी खाली पाडली आन् पाय बांधले. पंचफुलानं चुलीत लाकूड सारलं. खाई त्याला खवखवे.

आता हिनं काय खाल्लं होतं, ते सांगाया पाहिजे.

हा निजामाच्या राज्यातला काळ. तिकडं गोऱ्या साहेबाची मोठी लढाई चाललेली, इकडं साखर, रॉकेल, कापड समदं कंट्रोलात. तालुक्याचा अंमलदार मुक्कामाला आला की गावानं त्याची बडदास्त ठेवायची. कोंबड्या, दूध, सरपण आणि बसायला-पांघरायला घोंगड्या. कोतवाल यायचा, वळचणीची घोंगडी ओढायचा आणि म्हणायचा, "साहेबाला बसाया पाहिजे." साहेब बसायचा, उठायचा, जायचा, आणि घोंगडी बी साहेबाबरोबर जायची. साहेबाच्या नावावर निम्म्या घोंगड्या पाटलाच्या माडीवर चढायच्या, हे आंधळ्याला बी दिसत होतं. बोलायचं कोणी? पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेतं?

मंग हिंगोलीहून रूपाबाई यायला लागल्या. पांढरं लुगडं, पायात चपला, बोलणं मऊ पण खुंट्यावाणी ठोकलेलं. त्यांचं बायांचं एक उद्योग मंडळ होतं. त्या म्हणाल्या, "बायांनो, लोकर तुमची, सूत तुमचं, माग तुमच्या घरचा. मग बाजारात घोंगडी विकून पैसा तेवढा दलालाचा कसा?" धनगराच्या बायांनी कातायचं, गड्यांनी विणायचं, मंडळानं माल हिंगोलीत न्यायचा आणि पैसा ज्या बाईचं सूत तिच्याच हातावर ठेवायचा. नवऱ्याच्या न्हाई, सासऱ्याच्या न्हाई. पहिल्यांदा हातावर रुपाया पडला तवा कौशल्याबाईनं तो दातानं चावून पाहिला होता. "खरा हाय गं!" म्हणून वाडाभर दाखवत हिंडली.

ह्या समद्याच्या मुळाशी होती खतीजाबी. पिंजाऱ्याची बाई. धनगराची लोकर कातायच्या आधी पिंजावी लागती, आणि पंचक्रोशीत लोकरीचं पिंजण म्हणजे खतीजाबीचं. माणसाच्या उंचीची लाकडी कमान, तिला मेंढीच्या आतड्याची ताणलेली तात, आणि हातात मोगरी. तातेवर मोगरी पडली की 'तुंयऽ तुंयऽ' असा आवाज निघायचा आणि गुठळ्या झालेली लोकर फुलून ढगावाणी वर यायची. नवरा जलालुद्दीन दम्यानं गेला, तवापासून त्या तातेवरच तिचं घर चालत होतं. पंचफुला आणि ती लहानपणच्या जोडीदारणी. एक मेंढरं राखायची, एक शेळ्या. एकीची भाकर दुसरीच्या फडक्यात असायची.

रूपाबाईंनी आणखी एक गोष्ट शिकवली, आणि तीच गावाला पचायला जड गेली. त्या म्हणाल्या, "सरकार म्हणजे काही देव न्हाई. देवाला बी आपण विचारतो की, बाबा पाऊस का न्हाई दिला. मग घोंगडी नेली तर दाम का न्हाई दिले, हे साहेबाला विचारायला काय हरकत आहे?"

बायांनी तोंडाला पदर लावला. पण खतीजाबी म्हणाली, "म्या विचारीन. माझा मालक खोकून खोकून अर्धा झाला होता, भर थंडीत त्याच्या अंगावरची घोंगडी कोतवालानं वढून नेली. म्या आजून इसरले न्हाई."

ती घोंगडी पंचफुलानंच तिला दिलेली. चिंचोक्याची खळ लावून, घट्ट विणून घेतलेली. कोतवालानं ओढली तवा पंचफुला त्याच वसरीत उभी होती.

तर रूपाबाईंनी वर अर्ज लावला, आणि होळीच्या आधी तहसीलदार साहेब स्वता चौकशीला आले. बायांचं ठरलं. चावडीत पहिल्यांदा पंचफुलानं बोलायचं, कारण घोंगड्या जास्त तिच्याच गेल्या होत्या. आणि वाड्यात तिचा शब्द चालायचा. ती बोलली की मागून समद्या बोलणार.

त्याच सकाळी तातेराव पाटील घोड्यावरून माळाला आला. पंचफुला मेंढरं घेऊन उभी होती. गवताची काडी नव्हती कुठं. मेंढरं माती हुंगत होती. कोकरं आईला ढुसण्या देत होती आणि आयांच्या सडात दूध नव्हतं.

पाटील गोड बोलला. रागावला असता तर बरं झालं असतं, हिनं बी चार शिव्या हासडल्या असत्या. पण तो म्हणाला, "पंचफुलाबाई, मेंढरं लई रोडावली गं. सरकारी कुरण रिकामं पडलंय. कुणाला सोडायचं ते माझ्या हातात हाय. तुज्या मनात काय हाय ते चावडीत कळंलच." आणि घोडं वळवून गेला.

चावडीत साहेबानं विचारलं, "बाई, घोंगड्या जबरदस्तीनं नेल्या का?"

पंचफुलाच्या डोळ्यापुढं ती माती हुंगणारी मेंढरं आली. तिनं खाली पाहिलं आणि म्हणाली, "न्हाई साहेब. आमीच खुशीनं दिल्या. पाव्हण्याचा मान म्हणून."

एक मेंढी खड्ड्यात गेली की मागच्या समद्या जातात. कौशल्याबाई म्हणाली, "पंचफुला म्हनती तसंच." तिच्या मागली म्हणाली, "तसंच." सगळ्यात शेवटी खतीजाबी उठली. पंचफुलाकडं पाहून ती येवढंच म्हणाली, "झूट."

झालं! समद्या गावात एकटी तीच खोटी ठरली. साहेब चिडला, सरकारचा वेळ खाल्ला म्हणाला. रूपाबाईंना गावात पाय ठेवायची बंदी झाली. आणि साहेबाची पाठ वळताच तातेरावानं खतीजाबीच्या घरातून पिंजण उचलून आणवलं आणि चावडीच्या खुंटीला टांगलं. "खोटी फिर्याद केल्याचा दंड हाय," म्हणाला. कोणत्या कायद्यानं, ते विचारायचं शिकवणारी बाई तर गावातून गेली होती.

एकट्या पंचफुलाच्या मेंढरांना कुरण मोकळं झालं, तिच्या मागं बोललेल्या बायांच्या हातावरचा रुपाया मात्र गेला, आणि वाड्यानं तिचं दार सोडलं. उन्हाळाभर चरली, पावसाळाभर चरली. अशी माजली की एडक्याला उचलायला दोन माणसं लागावी. देवानं थट्टा करावी तर अशी करावी बगा. त्या साली लोकर आली ती उभ्या जन्मात आली नव्हती अशी. दाट, लांब, हात घालावा तर कोपरापर्यंत आत जावा. आणि ती पिंजायचं पिंजण चावडीत, खुंटीवर.

कातरणी त्या दिवशी दोघांनीच केली. सांज झाली. अंगणात लोकरीचा ढीग घोड्यायेवढा झाला. घुगऱ्यांचा हंडा तसाच. पंचफुलानं तो झाकून कोपऱ्यात सारला. लिंबाजीला तिची दया आली असावी.

"आगं, गोरेगावच्या बाजाराला तशीच कच्ची इकून टाकू," तो म्हणाला.

"कच्ची कोण घेतं? आन् घेतली तर काय भावानं?"

"मग सडू दे."

"सडंलच. आपल्या करणीची हाय." आणि ती मटकन खाली बसली अन् पदर तोंडात कोंबून रडली. लिंबाजी उगाच मेंढीच्या पायाची दोरी सोडत बसला. मेंढी तर कवाच उठून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती खतीजाबीला शोधत निघाली. खतीजाबी पाटलाच्याच रानात कापूस वेचत होती. काय नशीब! जिच्या हातानं लोकरीचा ढग व्हायचा, ती बोंडाच्या काट्यांनी बोटं फाडून घेत होती, आणि ती बी ज्यानं पिंजण नेलं त्याच्याच रानात. पंचफुला बांधावर उभी राहिली. आत जायचा धीर होईना.

"खतीजा."

खतीजाबीनं वर पाहिलं, पुन्हा बोंडाला हात घातला. "बोल."

"म्या चुकले गं."

"हां."

"मेंढरं मरून राहिली होती. तुला ठावं हाय. कोकराला दूध नव्हतं."

"मला ठावं हाय."

"तू कायतरी बोल. शिव्या दे. माजं थोबाड फोड. पर अशी गप नगं ऱ्हाऊ. तू ओढ्यावर दिसतीस, मान खाली घालून जातीस, मला रात रात झोप लागंना. माफ कर मला."

खतीजाबीनं ओटीतला कापूस मोकळा केला आणि सरळ उभी राहिली. "पंचफुला, माफी इथं बांधावर मागून ऱ्हायलीस. इथं कोन हाय ऐकायला? बोंडं?" तिचा आवाज चढला न्हाई, तेच पंचफुलाला जास्त लागलं. "झूट चावडीत बोललीस, साऱ्या गावापुढं. आन् सच माझ्या कानात बोलून ऱ्हायलीस. जा बाई, मला वेचायचं हाय. मुकादम बोंबलंल."

पंचफुला परत फिरली. वाटेत तिला स्वताचाच राग आला. आपुन माफी मागायला आलो का आपल्या जिवाला थंडावा मागायला, हे तिचं तिलाच उमगंना.

पौषात थंडी पडली आणि साहेबाचा मुक्काम लागला. तोच साहेब. कोतवाल वाड्यात आला. "ए पंचफुलाबाई, घोंगडी काढ. साहेबाला बसाया पाहिजे."

"कोतवालदादा, तुमी व्हा म्होरं. ह्या बारीला मीच घेऊन येते."

"मेलीस!" लिंबाजी मागून दबक्या आवाजात म्हणाला. त्यानं तिचं तोंड वाचलं होतं. "आगं, कुरण जाईल. मेंढरांचं काय?"

"मेंढरं तुमी घेऊन जा. पैनगंगेपल्याड वऱ्हाडात चारा हाय."

"आन् तू?"

"मी लोकर राखते." तिनं वळचणीची घोंगडी काढली, घडी केली, छातीशी धरली आणि निघाली. लिंबाजी जाग्यावरच उभा होता. मग पायात वहाणा घालून तिच्या मागं चालायला लागला. "बाई न्हाई, ताप हाय डोक्याला," असं पुटपुटत पर चालत होता.

चावडी भरलेली. साहेब खुर्चीवर, शेजारी तातेराव, खांबाशी पटवारी. भिंतीला खुंटीवर पिंजण लटकलेलं. वर धुळीचा थर आणि कोळिष्टकं. पंचफुला गेली, पण घोंगडी काही अंथरली न्हाई.

"अंथर की!" पाटील हसून म्हणाला.

"आधी साहेबाशी बोलायचं हाय." ती खुर्चीम्होरं येऊन उभी राहिली. "साहेब, होळीच्या आधी तुमी मला इचारलं होतं, घोंगड्या जबरदस्तीनं नेल्या का. मी न्हाई म्हणले. ते खोटं होतं. आमच्या घोंगड्या वढून नेल्या. खतीजाबीच्या आजारी नवऱ्याच्या अंगावरची वढून नेली. मी डोळ्यानं पाहिली. ती बाई खरं बोलली, आन् मी खोटं. तरी दंड म्हणून तिचंच पिंजण हितं खुंटीला टांगलंय."

तातेराव उठला. "साहेब, ह्या बाईचं डोकं फिरलंय..."

साहेबानं हात वर केला. तो काही साधुसंत नव्हता, पण मूर्ख बी नव्हता. "बाई, तेव्हा एक बोललीस, आज दुसरंच. तुझ्या जबानीची किंमत काय? आज तरी सच कशावरून?"

पंचफुलाला कायदा ठावा नव्हता. तिला मेंढरं ठावी होती. ती म्हणाली, "साहेब, तवा खोटं बोलले म्हणून मला सरकारी कुरण भेटलं. आज खरं बोलले म्हणून ते जातंय. पाटील हितंच बसलेत, इचारा. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला कोणी खोटं बोलतं का?"

साहेब पाटलाकडं वळला. "कुरण हिला दिलंय?"

पाटलानं पटवाऱ्याकडं पाहिलं, पटवाऱ्यानं छताकडं. आणि तेवढ्यात मागून, दाराबाहेरून, कौशल्याबाईचा आवाज आला. वाड्यातल्या बाया केव्हा येऊन उभ्या राहिल्या कुणालाच कळलं न्हाई. "साहेब, माजी बी नेली. मी बी तवा खोटं बोलले." मग तिच्या मागली. मग तिच्या बी मागली. ह्या बारीला मेंढरं खड्ड्यातून वर येत होती.

खतीजाबी त्यात नव्हती. ती रानात कापूस वेचत होती.

आता कोणाला वाटंल, पाटलाला बेड्या पडल्या असतील. तसं कुठं होतं का? पाटील पाटीलच राह्यला. साहेबानं त्याला आत नेऊन झाडलं म्हणतात, पण ते आत, भिंतीआड. बाहेर येऊन साहेब येवढंच म्हणाला की इथून पुढं घोंगडी दाम देऊन घ्यायची न्हाईतर सतरंजीवर बसायचं. गेलेल्या घोंगड्या गेल्या. मंडळाच्या बाईवरची बंदी उठली. पिंजण ज्याचं त्याला द्या. आणि ह्या बाईनं सरकारपुढं खोटी जबानी दिली, म्हणून हिची मेंढरं आजपासून कुरणात पाय ठेवणार न्हाईत.

"मंजूर हाय," पंचफुला म्हणाली. त्या दिवशी थंडीत साहेब सतरंजीवर बसला आणि दोनदा शिंकला. ते गाव अजून हसून सांगतं.

कोतवालानं पिंजण खाली काढलं तर तातेचा पत्ता न्हाई. उंदरांनी कुरतडून खाल्लेली. नुसती कमान राह्यली होती. पंचफुला ती खांद्यावर घेऊन उभी राह्यली, पण खतीजाबीच्या दारात जायला तिचा पाय निघंना. हे मुकं लाकूड नेऊन तिच्या हातात काय म्हणून द्यायचं?

ती घरी आली. कळपातला मोठा एडका तिनं काढला. कुरणाचं गवत खाऊन माजलेला, जत्रेत दाखवायला राखलेला. लिंबाजीनं तोंड फिरवलं, पण 'नगं' म्हणला न्हाई. मेहबूब मुलाण्यानं सुरी फिरवली. मटण वाड्यात वाटलं, मशिदीपलीकडं पिंजाऱ्यांत वाटलं. आणि आतडं पंचफुलानं स्वता ओढ्यावर नेलं. धुतलं, खरवडलं, राखेनं चोळलं, पुन्हा धुतलं. पाणी बर्फावाणी गार, बोटं बधिर झाली. मग पीळ देऊन दोन खुंट्यांच्या मधी ताणून सुकवलं. पोराला लग्नासाठी हळद लावावी तशी ती त्या तातेला रोज हात लावून बघायची.

लिंबाजी मेंढरं घेऊन वऱ्हाडच्या वाटेला लागला, त्याच सकाळी ती कमान आणि तात घेऊन खतीजाबीच्या दारात गेली.

खतीजाबी चुलीपशी होती. तिनं कमानीकडं पाहिलं, तातेकडं पाहिलं. हात पुसून बाहेर आली. तात बोटात धरून ताणली, उजेडाकडं धरून पाहिली.

"पीळ कमी हाय," ती म्हणाली.

"म्या पैल्यांदाच केली."

"दिसतंय."

दोघी अंगणात बसल्या. एकीनं टोक धरलं, दुसरीनं पीळ घातला. मग कमानीला बांधून ताणली. खतीजाबीनं मोगरी उचलून हलकेच एक ठोका दिला. तुंयऽ. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकं बाहेर काढलं.

पंचफुलाला राहवलं न्हाई. "खतीजा, चावडीत बोलले मी."

"समजलं मला. कौशल्या सांगून गेली."

"मंग राग गेला का गं तुजा?"

खतीजाबीनं तातेवरून बोट फिरवलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडाच होता. "न्हाई गेला. जलालुद्दीनची खोकल्याची रात मला आजून ऐकू येती. तू त्या वसरीत हुतीस, पंचफुला." मग मोगरीवरची धूळ तिनं लुगड्याला पुसली.

"जाईल तवा जाईल," ती म्हणाली. "जा. लोकर घेऊन ये."